दमसास राहतो कुठे?

हेलसिंकी! नाव ऐकलंयस कधी? फिनलंड नावाचा एक थंडगार देश आहे, त्याची ही राजधानी. 1952 साली तिथे ऑलिंपिक भरलं होतं. आणि ओळख पाहू, तिथे कुस्तीच्या मॅटवर कोण उभं होतं? आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला पैलवान! खाशाबा जाधव!

गाव कराडजवळचं गोळेश्वर. वजनगट 57 किलोचा, म्हणजे पैलवानांच्या हिशेबात अगदी लहानखुरा. पण चपळाई अशी, की समोरच्याला कळायच्या आत डाव पडलेला असायचा. त्यांना तिकडे पाठवायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सरांनी काय केलं माहीत आहे? स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. असे सर!

खाशाबांनी ब्राँझपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं हे पहिलं वैयक्तिक पदक. पण त्यामागे एक हळहळ लावणारी गोष्ट आहे. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दमछाक करणारी कुस्ती झाली. ती संपते न संपते, तोच सोव्हिएत संघाच्या पैलवानाशी लढायला त्यांना पुकारलं गेलं, असं सांगतात. खरं तर दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण हे ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. दमलेले खाशाबा तसेच मॅटवर उतरले आणि हरले.

आता मला सांग, त्या अर्ध्या तासात असं काय मोठं घडणार होतं? पैलवान नुसता बाकावर बसणार, घाम पुसणार, घोटभर पाणी पिणार. नुसतं बसून काय होतं?

ऐक तर! बाहेरून बसलेला दिसतो ना, त्या पैलवानाच्या आत तेव्हा प्रचंड धावपळ चालू असते. चल, आत शिरून बघू.

पहिली गोष्ट, धाप. छाती कशी भराभर वरखाली होते! तुला वाटेल, फुप्फुसं जोर लावून हवा ओढून घेतात. मुळीच नाही! फुप्फुसांना हवा ओढायला स्वतःचे स्नायूच नाहीत. ती बिचारी काहीच ओढू शकत नाहीत. मग ओढतं कोण? फुप्फुसांच्या खाली, पोटाच्या वर, घुमटाच्या आकाराचा एक पातळ स्नायू असतो. त्याचं नाव श्वासपटल. तो खाली सरकला, बरगड्या वर उचलल्या गेल्या, की छातीत जागा वाढते आणि हवा आपसूक आत येते. पोटावर हात ठेवून एक मोठा श्वास घे. पोट पुढे आलं? श्वासपटलानेच ढकललं ते!

हवा श्वासनलिकेत शिरली. पुढे या नलिकेला दोन फाटे फुटतात. त्या प्रत्येकाला पुन्हा दोन. पुन्हा दोन! असे साधारण 23 वेळा फाटे फुटत जातात. शेवटी येतात इवलेसे फुगे. त्यांना म्हणतात वायुकोश. मोठ्या माणसाच्या छातीत असे सुमारे 48 कोटी फुगे असतात. ते सगळे उलगडून सपाट पसरले, तर जवळपास बॅडमिंटनचं कोर्ट भरेल! अख्खं कोर्ट, छातीत घडी घालून ठेवलेलं. आणि आपण त्याच्यावर शर्ट घालून शाळेत जातो.

या फुग्याची भिंत किती पातळ असेल? तुझ्या डोक्यावरचा एक केस घे. त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी! भिंतीच्या अलीकडे हवा, पलीकडे रक्त. हवेतला ऑक्सिजन या भिंतीतून सहज पार होतो.

आणि पलीकडे त्याची वाट बघत कोण उभं असतं? कोल्हापूरच्या केएमटीची बस!

म्हणजे खरी केएमटी नव्हे रे. रक्तातली. रक्ताला लाल रंग देणाऱ्या ज्या तांबड्या पेशी असतात ना, त्या मला नेहमी बसगाड्यांसारख्या वाटतात. एका फेरीत फुप्फुसाच्या स्टॉपवर ऑक्सिजनचे प्रवासी भरायचे, दुसऱ्या टोकाला नेऊन उतरवायचे, परत यायचं. दिवसरात्र हेच.

पण पेशी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. तुझं सगळं शरीर पेशींचं बनलेलं आहे. त्या इतक्या बारीक, की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. मोठ्या माणसात सुमारे 30 लाख कोटी! आणि दचकू नकोस, त्यातल्या दर पाचांपैकी चार पेशी या तांबड्या बसगाड्याच आहेत. मोजायला गेलं, तर आपण बहुतांशी बसच!

आता या बसमध्ये डोकाव. आत हिमोग्लोबिन नावाचे बाक आहेत. एका बाकावर ऑक्सिजनचे चार प्रवासी बसतात. आणि एका बसमध्ये बाक किती? सुमारे 27 कोटी! करून बघ गुणाकार. 108 कोटी प्रवासी, एका बसमध्ये! आणि बस कुठे मावते? अशा दीडशेच्या आसपास बस ओळीने लावल्या, तर ती रांग जेमतेम एक मिलिमीटर भरते. पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधल्या जागेएवढी.

इतके बाक मावले कसे? इथे खरी गंमत आहे. शरीरातल्या इतर बहुतेक पेशींच्या आत केंद्रक असतं. पेशीचा सगळा कारभार त्याच्या हुकमाने चालतो. म्हणजे ड्रायव्हरच म्हण ना. तांबडी पेशी हाडांच्या आत, मज्जेत तयार होते. बाहेर पडण्याआधी ती काय करते? ड्रायव्हरलाच उतरवून टाकते! तेवढीच बाकांना जागा.

आणि एवढ्यावर थांबत नाही. पेशीत ऊर्जा तयार करणारी जी इंजिनं असतात, तीही ती काढून टाकते. त्यामुळे ऑक्सिजन वापरायची सोयच उरत नाही. अब्जावधी प्रवासी वाहून नेते, पण त्यातला एकही स्वतःसाठी ठेवत नाही! स्वतःची गरज ती रक्तातल्या थोड्याशा साखरेवर, ऑक्सिजनशिवाय भागवते. मला तर ही सगळ्या शरीरातली सर्वात भारी गोष्ट वाटते.

ड्रायव्हर नाही, म्हणून दुरुस्ती नाही. सुमारे 120 दिवसांत बस मोडकळीला येते. मग? नवीन! तू हे वाक्य वाचेपर्यंत मोठ्या माणसाच्या मज्जेतून कितीतरी नव्या गाड्या रस्त्यावर आल्या. दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त!

बरं, स्टॉपवर ही बस थांबते किती वेळ? फुप्फुसाच्या स्टॉपवरून सरकायला तिला साधारण पाऊण सेकंद लागतो. आणि सगळे बाक भरायला? जेमतेम पाव सेकंद! उरलेला अर्धा सेकंद ती भरलेलीच पुढे सरकत असते. तुला वाटेल, हा तर वेळ वाया गेला. पण कुस्ती रंगात आली, की रक्त इतक्या वेगाने धावतं, की बसला स्टॉपवर पाव सेकंदच मिळतो. तरीही ती भरूनच निघते! तो राखीव वेळ अशा वेळी कामी येतो.

आता एक कोडं. ड्रायव्हर नाही, इंजिन नाही, मग बस चालते कशी?

कुणीतरी मागून ढकलतं!

तेच ते, तुझ्या मुठीएवढं, छातीत डावीकडे जरा कललेलं. हृदय! खरं तर एकमेकांना चिकटलेले ते दोन पंप आहेत. उजवा पंप रिकाम्या गाड्या फुप्फुसाकडे ढकलतो. डावा पंप भरलेल्या गाड्या डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाठवतो. फुप्फुसं अगदी शेजारी, म्हणून उजवी भिंत पातळ. डाव्या पंपाला लांबवर जोर लावायचा, म्हणून त्याची भिंत जवळजवळ तिप्पट जाड. कानाला ‘लब-डब’ ऐकू येतं ना, तो ढकलण्याचा आवाज नव्हे. पंपाची दारं मिटण्याचा आवाज आहे तो!

मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त ढकलतं. मिनिटाला 72 ठोके धर. झालं ना पाच लिटर? आणि अंगात एकूण रक्तही साधारण तेवढंच. म्हणजे स्वस्थ बसलेलं असतानाही मिनिटाभरात सगळं रक्त एक फेरी मारून येतं! दिवसाला ठोके एक लाखाच्या वर. तुझं हृदय तर याहून भराभर चालतं, कारण ते लहान आहे आणि एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं.

हृदयाच्या पेशी तर अशा हट्टी, की काही विचारू नकोस. प्रयोगशाळेत त्या बशीत सुट्या सुट्या वाढवल्या, तरी एकेकटी पेशी आपली आपण धडधडत राहते. मेंदू नाही, शरीर नाही, नुसती पेशी! आणि दोन पेशी एकमेकींना टेकल्या, की काय होतं? थोड्या वेळाने दोघींचा ठेका एक होतो! शाळेच्या लेझीम पथकाला यासाठी किती दिवस सराव करावा लागतो, आठव.

भरलेली बस आता मोठ्या रस्त्यावरून गल्लीत, गल्लीतून बोळात शिरते. या सगळ्यात बारीक बोळांना केशवाहिन्या म्हणतात. काही बोळ तर बसहूनही अरुंद! मग बस चक्क दुमडते आणि घुसते. इंग्लंडच्या विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टरांनी 1628 साली पुस्तक लिहून सांगितलं, की रक्त गोल फिरून पुन्हा हृदयाकडे येतं. पण ते जातं कुठून आणि येतं कुठून, हे बोळ त्यांना दिसलेच नाहीत. 1661 मध्ये इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसावर सूक्ष्मदर्शक धरला आणि बोळ सापडले! हार्वे तोवर वारले होते.

प्रवासी उतरले. समोर पैलवानाच्या मांडीतली स्नायूची पेशी. तिच्या आत आहेत मघाची ती इंजिनं. त्यांचं नाव तंतुकणिका. पैलवानाने खाल्लेली भाकरी, प्यायलेलं दूध, थंडाईतले बदाम, सगळं बारीक बारीक होऊन इथवर पोचलेलं असतं. तंतुकणिका त्यातून, ऑक्सिजनच्या मदतीने, ऊर्जा काढून एटीपी नावाच्या पदार्थात भरतात. डोळ्याची पापणी लवण्यापासून ढाक डाव मारण्यापर्यंत सगळं या एटीपीवर चालतं.

किती लागतं ते? मोठं माणूस दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाएवढं एटीपी बनवतं! पण एका वेळी अंगात असतं मूठ-दोन मूठच. वापरलं, पुन्हा भरलं. पुन्हा वापरलं, पुन्हा भरलं.

या तंतुकणिकांची जन्मकथा तर कुणी परीकथेतही लिहिली नसती. शंभर कोटी वर्षांहूनही कितीतरी आधी त्या स्वतंत्र फिरणारे जिवाणू होत्या. एके दिवशी एका मोठ्या पेशीने त्यातल्या एकाला आत घेतलं. तो पचला नाही, तिथेच राहिला! आजही तंतुकणिकेकडे तिचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. आणि तो तुला कुणाकडून मिळाला? आईकडून. तिला तिच्या आईकडून. तिला तिच्या आईकडून!

एटीपी बनवताना कचराही निघतो, कार्बन डायऑक्साइड. तो रक्तातून फुप्फुसाकडे जातो आणि उच्छ्वासातून बाहेर. आणि ओळख पाहू, श्वास रोखून धरला की जीव कशाने कासावीस होतो? ऑक्सिजन संपला म्हणून? नाही! मेंदू मुख्यतः हा कार्बन डायऑक्साइड मोजत असतो. तो साठला, की मेंदू ओरडतो, “सोड श्वास!” (म्हणूनच पंचगंगेत किंवा पोहण्याच्या तलावात ‘पाण्याखाली कोण जास्त वेळ’ अशी पैज कधी लावायची नाही. भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड आधीच कमी झाला, तर मेंदू ओरडायला उशीर करतो, आणि तोवर शुद्ध हरपू शकते. हे मात्र गमतीचं नाही.)

आता परत आपल्या पैलवानाकडे.

कुस्तीत एक क्षण असा येतो, की स्नायूंना आत्ताच्या आत्ता ताकद हवी असते. बसगाड्या कितीही पळाल्या, तरी ऑक्सिजन पुरत नाही. मग स्नायू काय करतात? ऑक्सिजनची वाट न बघता साखर अर्धीमुर्धी मोडतात आणि झटपट एटीपी काढतात. ताकद मिळते, पण लॅक्टेट नावाचा पदार्थ साठत जातो. शिवाय स्नायूत अडीअडचणीसाठी ठेवलेली थोडी ऊर्जा असते, तीही संपते. म्हणजे कुस्ती उधारीवर चालते!

ती उधारी फेडायची कधी? त्या अर्ध्या तासात!

म्हणून कुस्ती संपली तरी धाप चालूच राहते. स्नायूंची राखीव ऊर्जा पहिल्या काही मिनिटांत भरून येते. लॅक्टेट मात्र सावकाश ओसरतं. निम्मं कमी व्हायलाच साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. नुसतं बसण्यापेक्षा हळूहळू चाललं, तर ते लवकर जातं. तालमीत दमलेल्या पोराला वस्ताद “बसू नको, फिर जरा” म्हणतात, ते काही उगाच नाही.

आणि हे लॅक्टेट जातं कुठे? काही यकृत घेतं आणि त्याची पुन्हा साखर बनवतं. आणि काही... खातं हृदय! खरंच! स्नायूंनी बाहेर टाकलेलं लॅक्टेट हृदयाच्या पेशी आवडीने जाळतात. त्यांच्याकडे इंजिनंच तेवढी आहेत. हृदयाच्या पेशीतली जवळपास एक तृतीयांश जागा तंतुकणिकांनीच भरलेली असते.

खाशाबांना अर्धा तास मिळाला असता, तर त्यांच्या अंगात हे सगळं झालं असतं.

मग हृदय स्वतः विश्रांती कधी घेतं? ते तर जन्माच्याही आधीपासून चालू आहे! घेतं की. प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये! मिनिटाला 72 ठोके पडत असतील, तर एका ठोक्याला साधारण 0.8 सेकंद मिळतो. त्यात ढकलण्याचं काम 0.3 सेकंद. उरलेला अर्धा सेकंद सैल! आणि हृदयाच्या डाव्या पंपाच्या भिंतीला स्वतःचं रक्त मिळतं, तेही बहुतेक याच सैल वेळेत. आवळलेलं असताना त्याच्या स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात ना!

वर्षानुवर्षं जोर-बैठका मारणाऱ्या, पळणाऱ्या, पोहणाऱ्या माणसाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. त्यामुळे आराम करताना त्याला कमी ठोके पुरतात. काही खेळाडूंची नाडी मिनिटाला 40-50 इतकीच पडते! दमसास म्हणतात तो छातीत, रक्तात आणि प्रत्येक पेशीत असा थोडा थोडा वाटून राहतो.

पण हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या त्या सैल वेळेचा उपयोग कोल्हापूरची आणखी काही मंडळी करून घेतात. ती कुस्ती खेळत नाहीत, पळत नाहीत. नुसती स्तब्ध राहतात. कोण बरं?

नेमबाज!

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. 1 ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिंपिक, 50 मीटर रायफल, तीन स्थिती: गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून. अंतिम फेरीत 451.4 गुण आणि ब्राँझपदक! त्याच्या आधी 2010 मध्ये कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकला विश्वविजेती झाली होती, तीही 50 मीटर रायफलमध्येच.

50 मीटरवरच्या त्या लक्ष्याचं मधलं, दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं? 10.4 मिलिमीटर. एक टपोरा हरभरा! तुझी शंभरेक पावलं मोज, तिथे हरभरा ठेव आणि परत येऊन बघ. दिसला तरी शाबास!

आता एवढ्याशा जागेवर नेम धरायचा, तर सगळ्यात मोठा खोडकर कोण? वारा? तो असतोच. पण त्याहून जवळचा खोडकर छातीतच बसलेला आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका अंगाला एक बारीकसा धक्का देतो. दंडाला बांधलेल्या पट्ट्यातून तो रायफलपर्यंत पोचतो आणि नळीचं टोक किंचित हलतं. किंचित, पण 50 मीटरवर हरभरा हुकवायला पुरेसं!

म्हणून नेमबाज काय करतात? श्वास घेतात, थोडा सोडतात आणि क्षणभर थांबतात. छातीचं वरखाली होणं थांबलं. आता उरलं हृदय. त्याला तर थांबवता येत नाही. पण दोन ठोक्यांमधली सैल वेळ आहे ना! काही अभ्यासांत नेमबाजांच्या छातीला यंत्र लावून पाहिलं, तेव्हा दिसलं, की अनुभवी नेमबाजांचं बोट बरेचदा त्या सैल वेळेतच चाप ओढतं. नवशिक्यांचं कधीही! आणि अनुभवी नेमबाज हे मोजून करत नाहीत बरं. सरावाने अंगाला ते कळायला लागतं.

रायफल तुझ्याकडे नाही, पण श्वास आणि नाडी तर आहे. मग एक प्रयोग करू. स्वस्थ बस. अंगठ्याच्या खालच्या बाजूला, मनगटावर दोन बोटं हलकेच टेकव. लागली नाडी? आता पाच मोजेपर्यंत सावकाश श्वास घे. मग पाच मोजेपर्यंत सावकाश सोड. पुन्हा. पुन्हा. लक्ष सगळं बोटांकडे.

काही जाणवलं?

श्वास घेताना ठोके भराभर पडतात. सोडताना रेंगाळतात! घाबरू नकोस, बिघाड नाही हा. मेंदूकडून हृदयाकडे एक लांब चेतातंतू येतो, तो हृदयाला सारखा “हळू, हळू” सांगत असतो. श्वास आत घेताना त्याचा आवाज जरा दबतो आणि हृदय पळतं. श्वास सोडताना तो पुन्हा बोलायला लागतो.

आणि हा फरक लहान मुलांत जास्त असतो, वय वाढतं तसा कमी होत जातो. खोटं वाटतं? मग घरात जे सगळ्यात मोठे असतील, आजी किंवा आजोबा, त्यांना शेजारी बसव. एकाच वेळी दोघांची नाडी धरायला तुला जमणार नाही, तेव्हा तुझी नाडी ताईला धरू दे. तू आजोबांची धर. आणि दोघांनी मिळून श्वास घ्या. एक... दोन... तीन... ताईला विचार, कुणाची नाडी जास्त नाचते!